आई कोच, बाबा परीक्षक : अमेरिकेतल्या ख्रिस्ती वादविवाद लीगची पार्श्वभूमी

25 मे 1993 रोजी मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 4 विरुद्ध 3 अशा काठावरच्या बहुमतानं एक निकाल दिला. डीजाँग नावाचं दाम्पत्य धार्मिक कारणास्तव आपल्या मुलांना घरीच शिकवत होतं. शिकवणाऱ्याकडे शिक्षकाचं सरकारी प्रमाणपत्र हवं, हा राज्याचा कायदा त्यांनी मोडला म्हणून त्यांना आधी दंड झाला होता. अशा श्रद्धाळू पालकांवर ही अट लादता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. पुढच्याच वर्षी हा वाद वॉशिंग्टनला पोचला. काँग्रेससमोरच्या एका शिक्षण विधेयकात कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी जॉर्ज मिलर यांनी शिक्षकांच्या प्रमाणपत्राविषयी एक कलम घातलं होतं. ते उद्या आपल्यालाही लागू होईल, या धास्तीनं होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांनी काँग्रेसचे फोन दिवसचे दिवस अडवून धरले. 24 फेब्रुवारी 1994 रोजी ते कलम 424 विरुद्ध 1 मतानं उडालं. विरोधातलं ते एकमेव मत खुद्द मिलर यांचं होतं.

या दोन्ही लढायांमध्ये पुढे होती ती होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन, म्हणजे एचएसएलडीए. मायकेल फॅरिस आणि जे. मायकेल स्मिथ या दोन वकिलांनी ती 1983 मध्ये काढली. आईबापांना मूल शिकवायला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही, हे तिचं मूळ सूत्र. ख्रिस्ती मुलांची वादविवाद लीग, म्हणजे त्यांच्या स्पर्धा भरवणारी संघटना, याच संस्थेच्या छायेखाली, याच गदारोळानंतर उभी राहिली आणि तिथे एक मोठी गंमत झाली. प्रमाणपत्राला विरोध करून जिंकलेल्या पालकांना आता कुणीतरी शिकवायला हवं होतं. गणित, व्याकरण, इतिहास पुस्तकं आणून घरी उरकता येतो. वादविवादाला समोर दुसरी बाजू लागते, ऐकणारा लागतो, निकाल देणारा लागतो, आणि यातलं काहीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिळत नाही.

1990 च्या दशकाच्या मध्यात फॅरिस यांची मुलगी ख्रिस्टी (लग्नानंतर ख्रिस्टी शाइप) हिनं एचएसएलडीएमध्ये हे काम सुरू केलं. तिच्या पुढाकारातून आलेल्या संघटनेचं नाव नॅशनल ख्रिश्चन फोरेन्सिक्स अँड कम्युनिकेशन्स असोसिएशन, थोडक्यात एनसीएफसीए. यातलं ‘फोरेन्सिक्स’ म्हणजे गुन्हे-तपासाचं शास्त्र नव्हे, तर भाषण आणि वादविवादाच्या स्पर्धा. 2000 मध्ये ती एचएसएलडीएपासून वेगळी होऊन स्वतंत्र झाली. 1990 च्याच दशकात टेरेसा मून यांनी कम्युनिकेटर्स फॉर ख्राइस्ट ही संस्था काढली. तिचा खाक्या वेगळा होता. मून कुटुंब आणि सोबत काही तरुण प्रशिक्षणार्थी राज्याराज्यांतून फिरायचे, एखाद्या गावात काही दिवसांचं शिबिर घ्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. मुलांना भाषण शिकवायचं आणि त्याच मुक्कामात पालकांनाही तयार करायचं. गाडी गेल्यावर मागे मुलांच्या सरावाचा क्लब चालू राहायचा असेल तर तो चालवणार कोण, हा साधा हिशेब त्यामागे होता. हीच संस्था पुढे इन्स्टिट्यूट फॉर कल्चरल कम्युनिकेटर्स झाली.

वादविवादच का, असा प्रश्न पडतो. होमस्कूलिंगवर सर्वांत जुना आक्षेप म्हणजे ही मुलं माणसांत मिसळत नाहीत, चारचौघांत बोलायला बिचकतात. त्याला यापेक्षा रोखठोक उत्तर सापडलं नसतं. दुसरं कारण अभ्यासक्रमाचं. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1947 मध्ये ऑक्सफर्डला एक निबंध वाचला होता. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या मध्ययुगीन त्रयीकडे परत जा, असं त्यात सांगितलं होतं. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या ख्रिस्ती शिक्षण-वर्तुळात तो नव्यानं वाचला जाऊ लागला आणि वक्तृत्व हा शिक्षणाचा कळस मानला जाऊ लागला. तिसरं कारण उघड राजकीय होतं. फॅरिस स्वतः 1993 मध्ये व्हर्जिनियात लेफ्टनंट गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून हरले होते. न्यायालयात आणि विधिमंडळात आपली बाजू मांडणारी पिढी हवी, हे त्यांनी कधी लपवलं नाही. 2000 मध्ये त्यांनीच व्हर्जिनियात पर्सेलव्हिल इथे पॅट्रिक हेन्री कॉलेज सुरू केलं. या लीगमधून तयार झालेल्या मुलांना तिथे आयतं दार उघडं होतं. 2004 च्या वसंतात व्हाइट हाउसमधल्या जेमतेम शंभर इंटर्नपैकी 7 जण या चिमुकल्या कॉलेजचे होते.

शाळांमधली वादविवादाची परंपरा त्याआधीच मोठी होती. विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजातले ब्रूनो जेकब यांनी 1925 मध्ये नॅशनल फोरेन्सिक लीग स्थापन केली होती. पण ती शाळांची संघटना, आणि शाळेत न जाणाऱ्या मुलाला तिच्यात जागा कुठून असणार? शिवाय तिथे जे चाललं होतं ते या पालकांच्या पचनी पडणारं नव्हतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून कॉलेजांमध्ये आणि मग शाळांमध्ये भरधाव बोलण्याची पद्धत रुजली. जितके जास्त मुद्दे, तितका प्रतिस्पर्धी अडचणीत, कारण ज्या मुद्द्याला उत्तर दिलं नाही तो मान्य केल्यासारखाच. मुलं मिनिटाला तीनशेच्या वर शब्द फेकू लागली. परीक्षक म्हणून मुरलेले माजी वादपटू असले की त्यांना हे कळतं. बाहेरच्या माणसाला मात्र कुणीतरी श्वास न घेता रेल्वेचं वेळापत्रक वाचतंय असं वाटतं. यावर उतारा म्हणून शाळांच्या लीगनं 1979–80 च्या सुमारास मूल्यांवर आधारलेला लिंकन-डग्लस प्रकार आणला, आणि 2002 मध्ये सामान्य श्रोत्याला समजेल असा पब्लिक फोरम.

ख्रिस्ती लीगनं हा प्रश्न मुळाशीच वेगळा सोडवला, तोही काहीसा नाइलाजानं. तिच्याकडे मुरलेले परीक्षक नव्हतेच. होते ते आईबाप, शेजारी, चर्चमधली मंडळी, गावातला एखादा वकील किंवा दुकानदार. म्हणून मूल स्पर्धेत उतरवायचं तर घरातल्या मोठ्या माणसानं ठरलेल्या फेऱ्यांचं परीक्षण करायचं, असा दंडक पडला. स्वतःच्या मुलाची फेरी सोडून, अर्थात. ‘कम्युनिटी जज’, म्हणजे या विषयातलं काही न कळणारा पण सुज्ञ श्रोता, हा या लीगचा आदर्श परीक्षक बनला. त्याला पटवायचं तर सावकाश बोलावं लागतं, डोळ्यांत बघावं लागतं, परिभाषा सोडून बोलावं लागतं. आजही या मुलांची वादविवादाची शैली लगेच ओळखू येते. ती घडवण्याचं श्रेय कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा त्या अननुभवी परीक्षकाला जास्त आहे, असं माझं मत.

पण अननुभवी म्हणजे अप्रशिक्षित नव्हे. इथेच पालकांच्या शिकवणीला खरा अर्थ येतो. दोन-दोन जणांच्या धोरण-वादात प्रत्येक वक्त्याला 8 मिनिटांचं मुख्य भाषण, मग 3 मिनिटांची उलटतपासणी, शेवटी 5 मिनिटांचं खंडन. तासाभरापेक्षा जास्त चालणाऱ्या या फेरीत कुठला मुद्दा कुणी मांडला, कुणी खोडला, कुठला तसाच हवेत राहिला, हे कागदावर रकाने पाडून टिपावं लागतं. त्याला ‘फ्लो’ म्हणतात आणि नव्या पालकाला तो पहिल्या फेरीत हमखास गुंडाळतो. दुसरा धडा बॅलटचा, म्हणजे परीक्षकानं भरायच्या निकालपत्राचा. नुसतं ‘छान बोललास’ लिहून भागत नाही. निर्णय का दिला, ते मुलाला स्पर्धेनंतर वाचायला मिळतं, त्यामुळे कारण नीट लिहावं लागतं. तिसरा धडा सगळ्यांत अवघड, तो म्हणजे स्वतःचं मत दाराबाहेर ठेवणं. करकपात व्हावी असं ज्याला मनापासून वाटतं, त्यानं करकपातीविरुद्ध अधिक चांगलं बोललेल्या मुलीला विजय द्यायचा. फेरीपूर्वी परीक्षकांना पंधरा-वीस मिनिटं जे सांगतात, त्याचा गाभा हाच असतो.

कोच म्हणून आईला मिळणारी शिकवण याहून नाजूक. मुलाचं भाषण आपणच लिहून देऊ नये, हे सांगायला सोपं. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत बाईंनी लिहिलेलं भाषण पाठ करून ढाल आणलेल्यांना या मोहाची ओळख वेगळी करून द्यायला नको. शिवाय इथे कोच आणि आई एकच. जेवताना, गाडीत, झोपताना मूल तिच्यासमोरच असतं. म्हणून अनुभवी क्लबांनी एक साधी युक्ती काढली. आठवड्याच्या बैठकीत आपलं मूल दुसऱ्या पालकाच्या हाताखाली द्यायचं. एखाद्या आईनं स्पर्धेच्या जोड्या लावणारी टॅब रूम सांभाळायची, एखाद्या बापानं पुरावे तपासायला शिकवायचं. अशानं क्लब ही पालकांचीच शाळा झाली.

या रचनेतली एक गोष्ट मला सर्वांत लक्षणीय वाटते. ज्या चर्चमधून ही कुटुंबं येत, त्यांपैकी काहींमध्ये स्त्रीनं पुरुषांपुढे उपदेश करू नये अशी शिकवण होती. तिथल्याच मुली सूट घालून परक्या पुरुषांसमोर उभ्या राहत, त्यांना उलटतपासणीत गोत्यात आणत आणि ढाली जिंकत. त्यांना हे शिकवणाऱ्या बहुतांशी त्यांच्या आयाच होत्या. लीगची पायाभरणी एका तरुणीनं केली, गावोगावची शिबिरं दुसऱ्या बाईनं उभी केली. या विसंगतीवर त्या वर्तुळात फारसं बोललं गेलं नाही. काम मात्र होत राहिलं.

दुसरी विसंगती जुनी आहे. वादविवादात एका फेरीत प्रस्तावाच्या बाजूनं आणि पुढच्या फेरीत विरुद्ध बोलावं लागतं. जे खरं मानत नाही ते पटवून देणं नैतिक आहे का? 1954 मध्ये अमेरिकी कॉलेजांचा वर्षाचा विषय होता कम्युनिस्ट चीनला मान्यता द्यावी का, आणि तेव्हा लष्करी अकादम्यांनी त्यात भाग घ्यायलाच नकार दिला होता. ख्रिस्ती लीगमधल्या पालकांनाही हा काटा टोचत होताच. त्यांनी वाट काढली ती विषयांची विभागणी करून. कर, व्यापार, परराष्ट्र धोरण अशा प्रश्नांवर दोन्ही बाजूंनी बोला, कारण समोरच्याची बाजू समजल्याशिवाय आपली पक्की होत नाही. श्रद्धेच्या प्रश्नांसाठी वेगळा भाषणप्रकार, अपॉलोजेटिक्स, म्हणजे आपल्या श्रद्धेचं तर्कानं समर्थन. त्यात मूल वर्षभर खोक्यात टिपणपत्रं जमवतं. स्पर्धेत प्रश्नाची चिठ्ठी निघते, तयारीला 4 मिनिटं, भाषणाला 6. आधार बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा : आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार असा, पण सौम्यपणे. ख्रिस्ती प्रतिवाद म्हटलं की मराठी वाचकाला 1857 मधला मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरचा विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचा सामना आठवेल. तिथे दुसरी बाजू खरोखर समोर उभी होती. अपॉलोजेटिक्सच्या खोलीत ती नसते, ऐकणारा परीक्षकही बहुधा आपल्याच श्रद्धेचा असतो, आणि हा या प्रकाराचा कच्चा दुवा आहे.

2009 मध्ये लीगमध्ये फूट पडून स्टोआ ही दुसरी संघटना आली, त्यात कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांचा पुढाकार मोठा होता. स्टोआचा कल स्थानिक पालकांनी स्वतःच्या बळावर स्पर्धा भरवण्याकडे आहे. मध्यवर्ती कार्यालयापेक्षा आईबापांचा शब्द मोठा, हे सूत्र ज्या चळवळीचा पाया होतं, तिच्यात हे कधीतरी होणारच होतं. दोन लीग झाल्यानं कोचिंग, परीक्षण आणि टॅब रूम शिकवण्याचं काम मात्र दुप्पट झालं.

मग 2013 साल आलं. होमस्कूलर्स अनॉनिमस नावाचं एक संकेतस्थळ सुरू झालं. होमस्कूलिंगच्या काही घरांमधली सक्ती, छळ, शिक्षणातली हेळसांड याबद्दल त्या घरांत वाढलेली माणसं तिथे लिहू लागली. ते सुरू करणाऱ्यांत याच ख्रिस्ती लीगमधले माजी वादपटू होते. पुरावा मागायचा, गृहीतक ओळखायचं, समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडायची, हे सगळं त्यांना घरच्यांनीच शिकवलं होतं, आणि आता त्याच पद्धतीनं ते घरच्यांना प्रश्न विचारत होते. पालकांपैकी काहींना हा विश्वासघात वाटला. मला वाटतं, ज्यांनी दोन्ही बाजूंनी बोलायला शिकवलं त्यांना दुसरी बाजू कधीतरी ऐकावी लागणारच होती.

पहिल्या तुकडीतली मुलं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांपैकी काहीजण आता आपली मुलं घेऊन त्याच स्पर्धांना येतात, कोच होतात, परीक्षकाच्या खुर्चीत बसतात. यांना फ्लो शिकवावा लागत नाही. उलट फेरीपूर्वीच्या सूचनांमध्ये त्यांच्यासाठी वेगळं सांगणं असतं : तुम्हाला सुचलेला पण मुलांनी न मांडलेला मुद्दा निकालात धरू नका.