भंडारदरा-कळसूबाई अभयारण्यात दिवसभराची डोंगरवारी: परवानगी कुठे मिळते, कागद कोणते लागतात

नाशिकहून घोटी आणि घोटीहून शेंडी, म्हणजे साधारण ७० किलोमीटर. सकाळी सहाला निघालेला माणूस चहा-मिसळीला थांबूनही नऊच्या आत भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी असतो. अंतर इतकं कमी आहे की परवानगीचा विचार बहुतेकांच्या मनात येतच नाही. मग तपासणी नाक्यावर गाडी थांबवली की ‘आम्ही तर नुसते फिरायला आलोय’ सुरू होतं. नुसतं फिरायला येणाऱ्यालाच अभयारण्याच्या प्रवेशाची पावती लागते. ज्यांना लागत नाही त्यांची यादी कायद्यात आहे आणि त्यात पर्यटक नाही.

आधी जमीन कोणती ते पाहू, कारण सगळी कागदपत्रं त्यावर ठरतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य १९८६ साली घोषित झालं. क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. जिल्हा दुसरा असला तरी अभयारण्याचा कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे आहे. त्यामुळे लेखी परवानगीचं काम पडलंच तर नाशिककरांना अहिल्यानगर गाठावं लागत नाही. खाली दोन वनपरिक्षेत्रं आहेत, भंडारदरा आणि राजूर. जलाशयाचा परिसर, रतनगड, घाटघर, साम्रद हे भंडारदऱ्यात. पाचनईकडून हरिश्चंद्रगड करायचा तर राजूर. अर्ज चुकीच्या परिक्षेत्राकडे गेला की तो फिरत राहतो आणि तुमचा रविवार निघून जातो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. सूट आहे ती कामावरच्या शासकीय सेवकाला, अभयारण्याच्या हद्दीत ज्याची जमीनजुमला आहे त्याला व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना, आणि सार्वजनिक हमरस्त्याने नुसतं पार जाणाऱ्याला. म्हणजे कोल्हार-घोटी रस्त्याने अकोल्याच्या पाहुण्यांकडे निघालेल्या गाडीला परवान्याची गरज नाही. तीच गाडी शेंडीला वळून रतनवाडीकडे गेली की गरज आहे. कलम २८ मध्ये परवानगी कशासाठी देता येते ते सांगितलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या कोणाशी असलेला कायदेशीर व्यवहार. नाक्यावरची पावती ही यातली ‘पर्यटन’वाली परवानगी. ती मिळाली म्हणजे बाकीच्या गोष्टींनाही मुभा मिळाली असं नाही. सगळे घोळ होतात ते इथेच.

कोणाला परवानगी मिळते

पात्रतेची अट जवळजवळ नाहीच. वयाची मर्यादा नाही, आधीच्या अनुभवाचा दाखला नाही, डॉक्टरचं प्रमाणपत्र मागत नाहीत. भारतीय नागरिकाला कोणतंही एक छायाचित्र असलेलं ओळखपत्र पुरतं. परदेशी पाहुणे बरोबर असतील तर त्यांचा मूळ पासपोर्ट आणि व्हिसा जवळ ठेवा. मोबाईलमधल्या फोटोवर भागवू नका.

अठरा वर्षांखालची मुलं घरच्यांबरोबर असतील तर वेगळं काही लागत नाही. शाळेची सहल असेल तर मात्र प्रकरण वेगळं. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र, सोबतच्या शिक्षकांची नावं, मुख्याध्यापकांचं पत्र, आणि या सगळ्याची एक प्रत वनक्षेत्रपालांकडे, म्हणजे वनपरिक्षेत्राच्या अधिकाऱ्यांकडे, आगाऊ. शिक्षण खात्याची परवानगी म्हणजे वन खात्याची नव्हे, हे शाळांना दरवर्षी नव्याने कळतं.

पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांसाठी राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे. त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तुम्ही व्हॉट्सॲपवरची जाहिरात पाहून ‘हजार रुपयांत नाश्ता-जेवणासह’ अशा ग्रुपबरोबर जात असाल तर नोंदणी प्रमाणपत्र मागा. मागायला संकोच कसला? प्रवेशशुल्क भाड्यात धरलंय की वेगळं, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

नाक्यावर काय होतं

शेंडीहून जलाशयाच्या दोन्ही अंगांनी रस्ते निघतात. एक मुतखेल-कोलटेंभेवरून रतनवाडीला जातो, दुसरा मुरशेत-पांजरे-उडदावणेवरून घाटघरला. पुढे साम्रदपाशी दोन्ही एकमेकांना भेटतात. कोणत्याही बाजूने गेलात तरी तपासणी नाका लागतो. गाडीचा क्रमांक, माणसांची संख्या, एकाचं नाव आणि मोबाईल नोंदवला जातो. शुल्क माणशी वेगळं, वाहनाचं वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं. दर अधूनमधून बदलतात. नाक्यावर फलक असतो, तोच खरा धरा, यूट्यूबवरचा नव्हे. पावतीवर माणसांची संख्या, गाडीचा क्रमांक आणि तारीख बरोबर पडली आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचा. काही ठिकाणी ही वसुली गावची ग्राम परिस्थितीकीय विकास समिती करते. पैसे गावाच्या कामाला लागतात, म्हणून घासाघीस करू नका, पण छापील पावती मात्र घ्याच. आत गस्तीवरच्या वनरक्षकाने विचारलं तर दाखवायला तेवढाच कागद तुमच्याकडे असतो.

कागदपत्रांची थैली अशी भरा: ओळखपत्राची छापील प्रत (आधार द्यायचं तर पहिले आठ अंक झाकलेलं, मास्क केलेलं आधार चालतं), वाहन परवाना, गाडीचं नोंदणीपत्र, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीसारखीच धरली जातात, पण रतनवाडी-साम्रदकडे मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका. फाईल निघण्याआधी घरीच उतरवून ठेवा. यूपीआयचीही तीच गत. सुटे पैसे घोटीतच करून घ्या. पाचशेची नोट नाक्यावर दिली की मागच्या पाच गाड्या हॉर्न वाजवतात.

कळसूबाईचा प्रवेश बहुतेकजण बारी गावातून करतात. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर, वाटेत लोखंडी शिड्या. तिथे जाणाऱ्या सगळ्यांनाच आपण अभयारण्यात आहोत याची कल्पना नसते, कारण देवीच्या दर्शनाला जाणारे आणि ट्रेकला जाणारे एकाच वाटेने चढतात. नवरात्रात तर यात्राच असते. शांतपणे चढायचं असेल तर ते दहा दिवस टाळलेले बरे.

मोठा ग्रुप असेल तर पत्र द्या

चार-सहा जणांना नाक्यावरची पावती पुरे. पंचवीस-तीस जण असाल, बस असेल, सोसायटीची किंवा कंपनीची सहल असेल, तर वनक्षेत्रपालांना किमान आठवडाभर आधी साध्या कागदावर अर्ज द्या. विहित नमुना शोधत बसू नका. साधारण असा मजकूर चालतो:

‘प्रति, मा. वनक्षेत्रपाल (वन्यजीव), भंडारदरा. विषय: दि. … रोजी रतनवाडी ते रतनगड व परत या मार्गावर एक दिवसाच्या पदभ्रमणास परवानगी मिळणेबाबत. महोदय, आम्ही खालील यादीतील … व्यक्ती सकाळी … वाजता प्रवेश करून सायंकाळी … पूर्वी परत येणार आहोत. मुक्काम करणार नाही. आग पेटवणार नाही. कचरा परत नेऊ.’

सोबत यादी जोडायची: नाव, वय, मोबाईल, रक्तगट, आणि घरच्या एका माणसाचा क्रमांक. वाहनांचे क्रमांक, स्थानिक वाटाड्या ठरला असेल तर त्याचं नाव. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. सरकारी कामात पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं धरून चालायचं. वाटाड्याची सक्ती असो-नसो, रतनगडाला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रतनवाडीतला माणूस घ्यावा. जंगलात वाटा फुटतात आणि धुक्यात सगळ्या सारख्याच दिसतात. इथले महादेव कोळी आणि ठाकर गावकरी ती वाट रोज तुडवतात.

पावतीत जे येत नाही

मुक्काम येत नाही. दिवसाची पावती म्हणजे सूर्यास्ताआधी बाहेर. तंबूत राहायचं तर गावाच्या जागेत, रीतसर चालवलेल्या ठिकाणी. गडावर किंवा झाडीत कुठेही तंबू ठोकायचा नाही. बेत आखताना उलटं गणित करा: रतनगड चढायला तीन तास, उतरायला दोन-अडीच, वर फिरायला दीड. दुपारी बाराला पायथ्याशी पोचलेल्याने गड चढू नये, अमृतेश्वराचं हेमाडपंती देऊळ बघून जलाशयाकाठी डबा खावा.

व्हिडिओ आणि ड्रोनही येत नाहीत. साधा कॅमेरा शुल्क भरून चालतो. पण चित्रीकरण, म्हणजे माहितीपट, जाहिरात, लग्नाआधीचं शूटिंग, याला वेगळी लेखी परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने कलम २८ मध्ये अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांना बाधा न पोहोचवता करायच्या चित्रीकरणाचा उल्लेख आला. त्याचा अर्थ नाक्यावर विचारलं आणि झालं असा नव्हे. ड्रोनसाठी वन विभागाची परवानगी आणि ड्रोन नियम २०२१ दोन्ही पाळावे लागतात. थोडक्यात, एका दिवसाच्या सहलीला ड्रोन घरीच राहू द्या. संशोधनासाठी जायचं असेल तर अर्ज नाशिकच्या वन्यजीव विभागामार्फत नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. त्याला महिने लागू शकतात.

पाण्यात उतरणंही नाही. जलाशय १९२६ साली पुऱ्या झालेल्या प्रवरेवरच्या धरणाचा आणि तो जलसंपदा विभागाकडे. वन खात्याच्या पावतीवर पोहण्याचा किंवा मासे धरण्याचा हक्क मिळत नाही. गळ तर आणूच नका: कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत बंदुकीच्या बरोबरीने जाळं, गळ आणि सुरीसुद्धा आहे, आणि कलम ३१ प्रमाणे शस्त्र घेऊन प्रवेशाला लेखी परवानगी लागते. कांदा-काकडी चिरायच्या सुरीवरून कोणी गुन्हा दाखल करेल असं नाही, पण घरूनच चिरून आणली तर वाद घालायची वेळच येत नाही.

चूल, शेकोटी, फटाके, वाजणारे स्पीकर यांची परवानगी मागूही नका. प्राण्यांना डिवचणं आणि कचरा टाकणं कलम २७ मध्ये एकाच वाक्यात बसवलंय, म्हणजे वेफर्सचं पाकीट भिरकावणारा आणि माकडाला दगड मारणारा कायद्याच्या लेखी शेजारी-शेजारी. अधिनियमाचा भंग केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही दंडाची रक्कम २०२२ च्या दुरुस्तीनंतरची. आधी ती २५ हजार होती.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात सोपं. पावसाळ्यात नियम दर आठवड्याला बदलू शकतात. गर्दी आणि दुर्घटना टाळण्यासाठी जिल्हाधिकारी भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) धबधबे, कडे, पाणवठ्यांजवळ मनाई आदेश काढतात. तो आदेश असेल तर नाक्याची पावती हातात असूनही तुम्हाला परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. साम्रदजवळच्या सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचंच नाही. वरून येणारं पाणी तिथून जातं. जून उजाडताना काजव्यांसाठी झुंबड उडते. त्या पंधरवड्यात रात्रीच्या प्रवेशाची वेळ, गाड्या लावायच्या जागा आणि हेडलाइट-टॉर्चबद्दल वन विभाग स्वतंत्र सूचना काढतो. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या वाचा.

प्राणी दिसतील का, हे सगळे विचारतात. बिबट्या, तरस, भेकर, रानडुक्कर, उदमांजर हे इथले रहिवासी, पण दिवसा ते तुम्हाला बघतात, तुम्ही त्यांना नाही. शेकरू मात्र दाट झाडीत सकाळच्या वेळी खरोखर दिसतं. आधी वरून अर्धवट कुरतडलेली फळं टपटप पडतात, मग फांदीवरून लोंबणारी झुपकेदार शेपूट. हे आपलं राज्यप्राणी. खायला टाकायचं नाही. जखमी प्राणी, वणवा किंवा झाडतोड दिसली तर वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही मदतवाहिनी आहे, क्रमांक १९२६. धरण पुरं झाल्याचं सालही तेच, त्यामुळे पाठ करावा लागत नाही. माणूसच अडकला असेल तर ११२.

नाशिक जिल्ह्यातलीच जागा हवी असेल तर

अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, अभयारण्यं नव्हेत. तिथे कलम २७ मधली प्रवेशबंदी लागू होत नाही, मात्र आग, कचरा आणि प्राण्यांना त्रास देण्याविषयीचे नियम लागू होतात, आणि स्थानिक पातळीवर प्रवेशाची पावती असू शकते. अंजनेरीच्या पठारावरचं तळं पाहायला ओळखपत्र आणि सुटे पैसे एवढी तयारी पुरते. राष्ट्रीय उद्यानच बघायचं तर आपल्याला सोयीचं बोरिवलीचं संजय गांधी. तिथे पायवाटांची वेगळी नोंदणी असते आणि सोबत मार्गदर्शक दिला जातो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना चढ झेपत नसेल तर निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर घ्या. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं हे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. चापडगावच्या बाजूने प्रवेश, पावतीची पद्धत भंडारदऱ्यासारखीच. दुर्बिणीसह स्थानिक मार्गदर्शक मिळतात, त्यांचं मानधन प्रवेशशुल्कात धरलेलं नसतं. हिवाळ्यात सूर्य वर यायच्या आत पोचा. दहानंतर पक्षी आणि पार्किंग, दोन्हींची जागा मिळणं कठीण.