डुक्कर फियाटची भावकी

जुन्या फियाटवाल्यांची बैठक जमली की एक प्रश्न हमखास निघतो: इटलीतल्या फियाट ‘अकराशे डी’चे पिस्टन मागवले तर आपल्या कुर्ल्यात बनलेल्या डिलाइटमध्ये बसतील का? गाडी तीच, नाव तेच, बॉडीही तीच. तरी बसत नाहीत. तिकडचा पिस्टन ७२ मिलिमीटरचा, आपला ६८ चा. हा चार मिलिमीटरचा घोळ समजायचा तर थेट १९३७ सालात जावं लागतं.

त्या वर्षी ट्युरिनच्या फियाटने ‘५०८ सी’ बाजारात आणली. तिची आखणी दान्ते जिआकोसा या इंजिनिअरची. इंजिन चार सिलिंडरचं, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल ७५, म्हणजे १०८९ सीसी. पिस्टनच्या चालीचं फिरणं करणारा क्रँक तीन मेन बेअरिंगवर टेकलेला आणि व्हॉल्व वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त गाड्यांचे व्हॉल्व सिलिंडरच्या बाजूला असत, तेव्हा ही चैनच. युद्धानंतर १९५३ मध्ये ‘११००/१०३’ आली. गाडी सगळी नवी, पण सिलिंडरचं माप जुनंच. पुढच्याच वर्षी ती कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे आपल्याकडे तिचं ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की तिचं मूळ नाव कित्येक मालकांनाही आठवत नाही. १९६४ ची डिलाइट आणि सत्तरच्या दशकातली पद्मिनी ही तिचीच पुढची पिढी. पेट्रोल पद्मिनीत शेवटपर्यंत तेच १०८९ सीसी राहिले.

भावकीत फूट पडली ती फ्रान्समध्ये. तिथे सिम्का ही कंपनी फियाटच्याच गाड्या परवान्यावर बनवायची. १९४९ मध्ये तिने आपल्या ‘सिम्का ८’चा बोअर ६८ वरून ७२ केला. स्ट्रोकला हात लावला नाही. इंजिन झालं १२२१ सीसीचं. खुद्द फियाटला हे माप घ्यायला १९५७ उजाडलं, तेही ‘१२०० ग्रानलुचे’ या वरच्या मॉडेलसाठी. सिम्का तोवर ७४ पर्यंत, म्हणजे १२९० सीसीला पोचली होती. मग १९६२ मध्ये फियाटने हे बाराशेचं इंजिन अकराशे डीमध्ये टाकलं आणि नाव मात्र अकराशेच ठेवलं. नावात अकराशे, पोटात बाराशे! कुर्ल्याने डिलाइटसाठी डीची बॉडी घेतली, इंजिन जुनंच ठेवलं. बैठकीतल्या त्या प्रश्नाचं मूळ हे असं आहे. त्यात १९६६ च्या ‘११०० आर’मध्ये इटलीवाले पुन्हा १०८९ वर आले, म्हणजे साल पाहून पार्ट मागवणाऱ्याची दुहेरी पंचाईत.

६८, ७२, ७४ अशी मापं बदलत गेली, पण ७५ चा स्ट्रोक हलला नाही. स्ट्रोक क्रँकमध्ये असतो. तो बदलायचा म्हणजे नवा क्रँक, आणि त्यामागून कनेक्टिंग रॉडची लांबी, पिस्टनची उंची, सगळंच ओढलं जातं. बोअर वाढवणं त्या मानाने सोपं.

हा सोपेपणा कारखान्यांच्या आधी रेसवाल्यांनी हेरला होता. ट्युरिनची सियाता ही कंपनी फियाटच्या इंजिनांसाठी सुधारित भाग विकायची. पॅरिसमध्ये आमेदे गोर्दिनी सिम्काच्या इंजिनांवर हात चालवत होता. युद्धानंतर त्याने हीच जात वाढवत १४०० सीसीच्या पुढे नेली. पियेरो दुसियोच्या चिसितालियाने १९४६ मध्ये ‘डी ४६’ ही छोटी रेसिंग कार काढली. आखणी पुन्हा जिआकोसाचीच, इंजिन अकराशेचंच. पहिल्याच रेसमध्ये नामवंत रेसर नुवोलारीच्या हातात स्टिअरिंगचं चाक निखळून आलं. इंजिनाचा त्यात काही दोष नव्हता! १९५८ मध्ये इटलीत फॉर्म्युला ज्युनियर सुरू झाली. इंजिन नेहमीच्या विक्रीतल्या गाडीचं हवं आणि ११०० सीसीच्या आत हवं, असा नियम. १०८९ सीसी त्यात मापून दिल्यासारखे बसले, आणि मोडेनाच्या स्तांगेलिनीने सुरुवातीची वर्षं गाजवली. मग इंग्लंडहून फोर्डची इंजिनं आली आणि हे पर्व आटोपलं.

आता गॅरेजमधला हिशेब. आपल्याकडे ब्लॉक बोअर करतात तो वीस थाऊ, चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर. ६८ चा ७२ करायचा तर दीडशे थाऊच्या वर जावं लागतं. तेवढी भिंत आपल्या ब्लॉकमध्ये आहे का, हे तो ब्लॉक तपासल्याशिवाय कुणीही छातीठोक सांगू नये. समजा, जमलं. एका सिलिंडरची जागा २७२ सीसीवरून ३०५ वर जाते, हेड मात्र जुनंच. कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, आधी सातास एक असेल तर ते पावणेआठाच्या आसपास चढतं. इंजिन नॉक करायला, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके द्यायला लागलं की मिस्त्री ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि कमावलेली ताकद तिथेच जाते. उलट, मोठ्या इंजिनाचं हेड छोट्या ब्लॉकवर ठेवताना व्हॉल्व सिलिंडरच्या काठाला लागतो का आणि हेडमधला चेंबर, म्हणजे पेट्रोल पेटायची जागा, किती सीसीचा आहे, हे आधी मोजावं लागतं.

डुक्करात पद्मिनीचे पिस्टन घालतानाही नुसता ६८ पाहून चालत नाही. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची जाडी आणि पिनपासून माथ्यापर्यंतची उंची जुळायला हवी, नाहीतर पिस्टन वर येऊन हेडला भिडेल किंवा खालीच राहून कॉम्प्रेशन पाडेल.

क्रँकच्या बाबतीत भावकी कायमची तुटली ती सिम्काच्या ‘रश’ इंजिनाने. साठच्या सुमाराला आलेल्या या इंजिनाचे सीसी तेच १२९०, पण मेन बेअरिंग पाच. हा क्रँक जास्त दणकट, म्हणून त्याचा मोह होतो. पण तीन बेअरिंगच्या ब्लॉकमध्ये जादा दोन बेअरिंगना टेकायला जागाच नाही.

मुंबईत या उचापती फारशा झाल्या नाहीत, कारण गरजच पडली नाही. काळ्या-पिवळ्या पद्मिनींमुळे ६८ चा माल वर्षानुवर्षं कुठेही मिळायचा. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फियाटचा पिस्टन सेट मागितला तर दुकानदार आधी साल विचारतो. त्याला साल नको, बोअर सांगा.