माशांच्या मोठ्या काचेच्या टाकीची (अ‍ॅक्वेरियमची) वरची पट्टी सुटली किंवा तुटली असेल तर आधी हे वाचा

टाकीच्या वरच्या काठाला आतून चिकटवलेल्या लांब काचेच्या पट्ट्या आणि मधोमध पुढच्या काचेकडून मागच्या काचेकडे गेलेली आडवी पट्टी, हे सगळं मिळून ब्रेसिंग. आम्हाला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे "मधली पट्टी निघाली पण पाणी कुठूनच गळत नाहीये, मग चालेल ना थोडे दिवस?" नाही चालणार. काच आधी वाकते, तिच्यामुळे कोपऱ्यातलं सिलिकॉन (काचा जोडणारा रबरासारखा गोंद) ताणलं जातं, आणि गळती सगळ्यात शेवटी दिसते, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

थोडा हिशोब बघू, म्हणजे आम्ही एवढं का सांगतो ते कळेल. टाकी १८० सेमी लांब आणि पाण्याची उंची ६० सेमी धरली तर पुढच्या एकट्या काचेवर बाहेरच्या दिशेने जवळपास ३२० किलो वजनाइतका जोर असतो, तोही चोवीस तास. यातला अंदाजे एक तृतीयांश वरच्या काठाच्या वाट्याला येतो, आणि खाली काचेला तळ धरून ठेवतो पण वर पट्टीशिवाय धरायला कोणीच नाही. टाकी पुढून मागे किती रुंद आहे याने हा जोर बदलत नाही, फक्त पाण्याची उंची आणि काचेची लांबी मोजायची. खूप जणांना हे पटत नाही पण ते तसंच आहे.

त्यामुळे पट्टी सुटलेली दिसली की पहिलं काम, पाणी निम्म्यावर आणा. उंची निम्मी झाली की जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. पाणी काढायच्या आधी हीटरचं बटण बंद करा, चालू हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते. भरलेल्या टाकीला बाहेरून क्लॅम्प किंवा पट्टा लावून फुगलेली काच मागे ओढायचा प्रकार कृपया करू नका. दाब एकाच ठिकाणी येतो आणि मग काचच जाते.

काच किती फुगलीय हे घरीच बघता येतं. वरच्या काठाजवळ बाहेरून एक लांब सरळ मोजपट्टी आडवी धरा (ती खरंच सरळ आहे ना ते आधी बघा), मधे काचेला टेकवा आणि दोन्ही टोकांना किती फट राहते ते मोजून लिहून ठेवा. आम्हाला फोन कराल तेव्हा हा आकडा, टाकीची लांबी, उंची आणि काचेची जाडी सांगितली तर निम्मं काम तिथेच होतं.

आता नवीन पट्टी. आम्ही काचेचीच लावतो, बहुतेक वेळा टाकीच्या काचेइतक्याच जाडीची, कडा पॉलिश केलेली. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, कापायलाही सोपं, पण सिलिकॉन त्याला काचेसारखं धरत नाही आणि ओलाव्याने ते वाकतं, म्हणून आम्ही वापरत नाही. टफन काच (तापवून कडक केलेली) पाहिजे असेल तर ती आधी मापात कापून मगच टफन करावी लागते, नंतर कापायला गेलं की सगळी चुरा. लांब पट्टीची रुंदी मोठ्या टाकीला ८ ते १० सेमी तरी ठेवतो, कारण खरी ताकद रुंदीत आहे. फूटपट्टी सपाट बाजूने चटकन वाकते पण कडेच्या बाजूने वाकवून बघा, तसंच हे. मधली पट्टी लांब पट्ट्यांच्या वर चढवून चिकटवतो म्हणजे काचेवर काच चांगली बसते आणि सिलिकॉनला मोठी जागा मिळते, नुसतं टोकाला टोक लावलेला जोड आम्ही करत नाही. प्लॅस्टिक फ्रेमवाल्या टाकीत मधला दांडा तुटला असेल तर तो प्लॅस्टिकला चिकटवून उपयोग नाही, सिलिकॉन तिथे नीट धरत नाही, तिथे पण आतून काचेलाच पट्ट्या लावाव्या लागतात.

काम रिकाम्या आणि पूर्ण कोरड्या टाकीतच होतं. सगळ्यात जास्त वेळ जातो जुनं सिलिकॉन काढण्यात, कारण सुकलेल्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन पकडत नाही. ब्लेडने खरवडल्यावर काच स्वच्छ दिसते पण बोट फिरवलं की कुठेतरी रबरासारखं अडकतं, तिथे अजून पातळ थर आहे असं समजायचं आणि परत ब्लेड मारायचं, शेवटी अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि मग त्या जागेला हात लावायचा नाही. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचंच घ्यायचं. बाथरूमसाठी मिळतं त्यात बऱ्याचदा बुरशी मारणारं औषध असतं, ते माशांना विषारी. पट्टी बसवताना एवढी दाबायची नाही की सगळं सिलिकॉन बाहेर येईल, मधे पातळ थर राहिलाच पाहिजे, आणि ती सुकेपर्यंत खालून टेकू. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, त्यानंतर पट्टी हलवली की जोड बिघडला.

मग थांबायचं, आणि इथेच सगळ्यांची घाई. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकतं, दिवसाला साधारण २ ते ३ मिमी, आत जाईल तसं अजून हळू. काठाची पट्टी आठवड्यात तयार होते पण मधल्या पट्टीचा जोड रुंद असतो, त्याला आम्ही किमान दोन आठवडे सांगतो. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर अजून सुकायचंच आहे. तोपर्यंत मासे दुसऱ्या टबात ठेवावे लागतील, आणि फिल्टरचा स्पंज धुऊन वाळवू नका, तो त्याच टबात चालू ठेवा नाहीतर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

भरताना आधी निम्मी भरा, एक दिवस ठेवा, मग पाऊण, मग पूर्ण, आणि प्रत्येक वेळी तीच सरळ मोजपट्टी लावून फट मोजा. भरल्यावर थोडी फट येणारच, पण पूर्ण भरल्यानंतर ती दिवसागणिक वाढत असेल तर पाणी परत निम्म्यावर आणा आणि आम्हाला कळवा. आणि नवीन पट्टीवर जड लाईट किंवा खाद्याचे डबे ठेवू नका, टाकी उचलताना हात पण तिला घालू नका, ती वरून वजन पेलायला लावलेली नाही.