मोर्मिश्का

मोर्मिश्का : गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे गरवण्यासाठी वापरला जाणारा बारीक, वजनदार गळ. लहानशा गळाच्या दांडीवर धातूचा एक थेंब पक्का बसवलेला असतो. तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो, फार तर हरभऱ्याएवढा. तंगूस, म्हणजे गरवण्याचा बारीक नायलॉनसारखा दोरा, त्या थेंबातल्या भोकातूनच ओवतात. एरवी गरीला वजन वेगळे बांधावे लागते आणि आमिष वेगळे लावावे लागते. इथे वजन, आमिष आणि गळ मिळून एकच वस्तू होते. उथळ, संथ पाण्यासाठीच्या मोर्मिश्कीचे वजन सहसा ०.१ ते १ ग्रॅम असते. मूळ वापर रशियातला. फिनलंडमध्ये तिला मोर्मुस्का किंवा नुसते मोर्री म्हणतात, तर अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत तिच्या जवळच्या नात्यातले ‘आइस जिग’ चालतात. आज ती दुकानात सहज मिळते, तरी घरी बनवणारे कमी झालेले नाहीत. त्यामागचे कारण काटकसरीपेक्षा वेगळे आहे. ते पुढे येईल.

उरल आणि सैबेरियात ‘मोर्मिश’ हे गोड्या पाण्यातल्या एका छोट्या, पाठीत वाकलेल्या कवचधारी जिवाचे नाव. सुकटातला जवळा डोळ्यांपुढे आणला तर साधारण अंदाज येतो. गॅमरस प्रजातीचा हा जीव हिवाळ्यातही जागा असतो आणि बर्फाखालच्या माशांचे ते हक्काचे खाणे. या नावाला रशियनमधला लाडका लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की ‘मोर्मिश्का’ होते. बैकाल सरोवरावर याच गटातल्या जिवांना ‘बर्माश’ म्हणतात. तिथे ते जिवंत जीव मुठीमुठीने बर्फाच्या भोकात सोडून मासे गोळा करण्याची जुनी रीत आहे.

गळ इतका लहान का, याचे उत्तर पाण्यात आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून गोठलेल्या तळ्याच्या तळाशी साधारण तेवढे तापमान टिकून राहते. मासा थंड रक्ताचा. या गारठ्यात त्याची हालचाल मंदावते, भूक घटते, आणि मोठा घास पकडायला तो धावत नाही. पर्च आणि रोच या रशियन तळ्यांतल्या नेहमीच्या माशांना तेव्हा तळाच्या चिखलातल्या अळ्या आणि मोर्मिश पुरतात. म्हणून थेंब स्वतःच आमिषाचे काम करत असला तरी बहुतेक वेळा गळाला एखाददुसरी ‘मोतिल’ टोचतात. ही एका न चावणाऱ्या डासासारख्या माशीची अळी, हिमोग्लोबिनमुळे लालभडक दिसणारी. तंगूसही केसासारखा लागतो, ०.०८ ते ०.१२ मिलिमीटर जाडीचा.

पेच असा की गळ लहान हवा, पण तो हलका असून चालत नाही. हलका गळ तळापर्यंत जायला वेळ खातो आणि तंगूस ताठ ठेवत नाही. मग माशाने नुसते तोंड लावले तर वर कळतच नाही. सगळी कारागिरी या पेचाभोवती फिरते. ४ मिलिमीटर व्यासाची कथलाची गोळी पाव ग्रॅमही भरत नाही. तेवढीच शिशाची गोळी ०.३८ ग्रॅम, आणि टंगस्टनची ०.६ ग्रॅमच्या वर. तेच ०.६ ग्रॅम शिशात हवे असतील तर गोळी ४.७ मिलिमीटरची होते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. बर्फाखालच्या सुस्त माशाला तो वाटत नाही.

सोव्हिएत काळात दुकानांतला माल थोडा आणि ठोकळेबाज असे. त्यामुळे मासे गरवणारा जवळपास प्रत्येक जण थोडाफार लोहार होता. मॉस्कोच्या प्रसिद्ध ‘पक्षी बाजारा’त पोपट-कबुतरांच्या शेजारी मोतिल आणि घरगुती मोर्मिश्क्याही विकल्या जात. जुनी पद्धत अशी : पितळेचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून गोल तोंडाच्या पंचाने ठोकायचा, म्हणजे थेंबाच्या आकाराची इवलीशी वाटी तयार होते. ती कापून आतून कथलाने माखायची, गळाची दांडी आत ठेवायची, आणि तंगुसासाठी भोक राहावे म्हणून काजळी लावलेली बारीक सुई आडवी घालायची. मग वाटी वितळलेल्या सोल्डरने भरायची. थंड झाल्यावर सुई ओढून काढायची, कानशीने कडा गोल करायच्या आणि पत्र्याची बाहेरची बाजू घासून चमकवायची. ही चकाकणारी पाठ खाली राहते, आणि तळाजवळच्या माशाला प्रथम तीच दिसते.

सोल्डर चांगले धरावे म्हणून जस्ताच्या क्लोराइडचे द्रावण किंवा फॉस्फरिक आम्ल लावतात. आपल्याकडचा कल्हईवाला कथलाबरोबर नवसागर वापरतो, त्यामागचे कारणही हेच : धातूवरचा गंज-मळ निघाल्याशिवाय कथील चिकटत नाही. फक्त हे आम्ल नंतर सोड्याच्या पाण्याने धुवावे लागते. नाही धुतले तर आठवड्याभरात गळ गंजतो. दुसरा नेहमीचा घात उष्णतेचा. कथील-शिशाचे ६३:३७ प्रमाणातले सोल्डर १८३ अंशांना वितळते, तेवढ्याने गळाचे काही बिघडत नाही. पण उघड्या ज्योतीवर तो लाल होईपर्यंत धरला तर पोलादाचे पाणी उतरते आणि पहिल्याच बऱ्या माशाला गळ सरळ होतो. हे कळते ते मासा गेल्यावर.

टंगस्टन आल्यापासून घरच्या कामाचे स्वरूप बदलले. हा धातू ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, सगळ्या धातूंत सर्वांत उशिरा. तेव्हा तो घरी ओतण्याचा प्रश्नच नाही. कारखान्यात त्याची भुकटी निकेलसारख्या धातूबरोबर दाबून, भाजून मणी करतात. मण्याला भोक आणि गळासाठी खाच ठेवलेली असते, आणि सोल्डर धरावे म्हणून वर निकेलचा किंवा पितळेचा मुलामा असतो. हे मणी विकत आणून खाचेत गळ बसवायचा आणि सोल्डरचा एक थेंब सोडायचा, एवढेच घरी उरते. ओतकाम हरवल्याची हळहळ जुने लोक करतात, आणि ती समजण्यासारखी आहे. तरी वजनाच्या हिशेबात शिसे टंगस्टनपुढे टिकत नाही.

आता मोर्मिश्का घरी बनवण्यामागचे खरे कारण. एकाच मण्याच्या, एकाच गळाच्या दोन मोर्मिश्क्या पाण्यात अगदी वेगळ्या वागू शकतात, आणि तो फरक भोकाच्या जागेवर ठरतो. भोक थेंबाच्या एका टोकाला असेल तर मोर्मिश्का उभी लोंबते आणि वरून दिलेल्या हिसक्याने नुसती वर-खाली होते. भोक वजनाच्या मध्याकडे सरकले की ती तिरकी, साधारण ४५ अंशांत राहते. आणखी सरकले तर जवळजवळ आडवी. अशा वेळी वरच्या बारीक थरथरीने गळाचे टोक शेपटीसारखे डोलते, जिवंत मोर्मिश पोहतो तसे. यात अर्ध्या मिलिमीटरचाही हिशेब लागतो. दुकानातल्या मालात तो हिशेब दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी तळ्यासाठी केलेला असतो. भोकाची कड तासलेली नसेल तर ती तंगूस कापते. म्हणून कडा बारीक गिरमिटाने मोडतात किंवा विजेच्या बारीक तारेवरच्या प्लॅस्टिकचा तुकडा भोकात सारतात.

आकारांची नावे स्वयंपाकघरातून आणि अंगणातून आलेली आहेत : थेंब, ओटदाणा, मुंगी, केळे, गोळी. दोन गळांची ती ‘शेळी’, तर तीन गळांचा लांबट तो ‘चोर्तिक’ म्हणजे छोटा सैतान. ‘बेझमोतिल्का’ या प्रकाराला अळी लावतच नाहीत. रंगीत मणी आणि सतत चालणारी थरथर यांवरच तिचा भर असतो, आणि तिच्यावर मासे काढणारा मनगटाचा पक्का समजला जातो. रंगाबद्दल मात्र जितकी डोकी तितकी मते. अमेरिकेतले हौशी कारागीर जिग तापवून भुकटी रंगात बुडवतात आणि भट्टीत पक्का करतात. बर्फावर हिम साचले की खाली उजेड फार कमी पोचतो, म्हणून अंधारात चमकणारे रंगही वापरतात.

शिशाबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. लून हा उत्तर अमेरिकेतला बुडी मारणारा पक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतो, आणि त्यांच्याबरोबर तुटून पडलेली शिशाची वजनेही, कधी गळ लागलेल्या माशासकट. एवढ्याशा तुकड्यानेही तो विषबाधेने मरतो. न्यू हॅम्पशायर राज्याने २००० सालापासून लहान शिशाच्या गळ-वजनांवर बंदी आणली, कॅनडाने १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमांखालच्या वजनांवर. ब्रिटनने तर हंसांसाठी १९८७ मध्येच हे पाऊल उचलले होते. घरी शिसे ओतणाऱ्यालाही धोका असतोच. ओल्या साच्यात ओतले तर वाफेने ते अंगावर उडते. त्याची राख आणि कीस हाताला लागून पोटात जातात, म्हणून स्वयंपाकघर आणि लहान मुले या कामापासून लांब हवीत. बिस्मथ आणि कथील यांचा मिश्रधातू हा बिनविषारी पर्याय. ५८:४२ प्रमाणात तो १३८ अंशांनाच वितळतो, पण शिशाहून हलका पडतो.

मोर्मिश्का एकटी काम करत नाही. गरवण्याच्या बुटक्या काठीच्या टोकाला ‘किवोक’ नावाची लवचीक पट्टी असते. ती पूर्वी रानडुकराच्या राठ केसाची किंवा घड्याळाच्या स्प्रिंगची असे, आता पॉलिएस्टरच्या फिल्मची असते. ती मोर्मिश्कीच्या वजनाने जेमतेम वाकावी इतकी नरम हवी. मासा बहुधा ओढत नाही, आमिष तोंडात घेऊन किंचित वर उचलतो. वजन उतरते आणि किवोक सरळ होतो. म्हणून गळ बनवणारा पट्टीही स्वतःच कापतो.

नवी मोर्मिश्का बर्फावर नेण्याआधी काचेच्या बरणीत पाणी घेऊन तीत सोडून पाहतात : कोन किती, डोलते की नुसती आपटते. तंगूस भोकातून घेऊन गाठ गळाच्या दांडीवर आवळलेली असते. कोन थोडा चुकला असेल तर ही गाठ पुढे-मागे सरकवून दुरुस्त होतो. मासा ओढून काढताना ती गाठ हमखास सरकते. त्यामुळे मासा भोकाबाहेर येऊन बर्फावर पडला की सराईत माणूस आधी गाठ अंगठ्याच्या नखाने जागेवर लोटतो, माशाकडे नंतर वळतो.