श्रीमंतांचा पक्ष कोणता? अमेरिकेतल्या एका समीकरणाची पार्श्वभूमी

१९३६ च्या ऑक्टोबरात 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने छातीठोकपणे सांगितलं, की अध्यक्षपदाची निवडणूक रिपब्लिकन पक्षाचे आल्फ लँडन जिंकणार. साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या होत्या. वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांत लँडन ५७ टक्क्यांवर होते. प्रत्यक्षात डेमोक्रॅटिक पक्षाच्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६१ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन ४८ पैकी ४६ राज्यं खिशात घातली. लँडन यांच्या वाट्याला आली मेन आणि व्हरमाँट ही दोन. दोन वर्षांत साप्ताहिकही गुंडाळलं गेलं.

संख्याशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट सदोष नमुन्याचं उदाहरण म्हणून सांगतात. नावं घेतली होती टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कुणाकडे, तर ज्यांचं बरं चाललंय त्यांच्याकडे. (कुणी उत्तर धाडलं आणि कुणी कचऱ्यात टाकलं, याचाही चुकीत वाटा होता, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.) पण एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. याच साप्ताहिकाने त्याआधीच्या पाच निवडणुकांचे विजेते बरोबर ओळखले होते. १९३२ साली तर अशाच पद्धतीने रूझवेल्ट यांच्या मतांचा आकडा दोन टक्क्यांच्या आत गाठला होता. म्हणजे मोटारवाल्यांचा कौल आणि बाकीच्यांचा कौल यांत तोवर निकाल चुकावा एवढी दरी नव्हती. चार वर्षांत ती पडली. 'श्रीमंत म्हणजे रिपब्लिकन' हे आज अनेकांना निसर्गनियमासारखं वाटणारं समीकरण घट्ट झालं ते तेव्हा.

त्याआधी श्रीमंत काय करत होते? दोन्हीकडे होते. आणि कुठल्या बाजूला, हे पैसा किती यापेक्षा पैसा कशातून आला यावर ठरत होतं.

सुरुवातीला तर बहुतेक राज्यांत मालमत्ता असल्याशिवाय मतच नव्हतं, त्यामुळे भांडण असायचं मालमत्तावाल्यांचं आपसांत. अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या फेडरलिस्टांमागे, म्हणजे बळकट केंद्र सरकार हवं असणाऱ्या पक्षामागे, बंदरांतले व्यापारी आणि सरकारी रोखे बाळगणारे सावकार उभे राहिले. टॉमस जेफरसन यांच्या मागे (डेमोक्रॅटिक पक्ष पुढे याच बाजूतून निघाला) दक्षिणेतले जमीनदार, ज्यांची संपत्ती जमिनीत आणि गुलाम माणसांत होती. कापसाचं राज्य आल्यावर चित्र आणखी गुंतलं. कर्ज आणि बँका लागणारे अनेक बडे मळेवाले डेमोक्रॅटांच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी व्हिग पक्षाकडे गेले, बाकीचे डेमोक्रॅट राहिले. उत्तरेतले सगळे धनिक गुलामगिरीच्या विरोधात होते असंही समजायचं कारण नाही. न्यूयॉर्कच्या पेढ्या दक्षिणेच्या कापसावर जगत होत्या. जानेवारी १८६१ मध्ये त्या शहराचे डेमोक्रॅट महापौर फर्नांडो वूड यांनी न्यूयॉर्कनेच देशातून फुटून स्वतंत्र व्हावं, असं सुचवलं होतं. युरोपातल्या रोथशिल्ड या सावकारी घराण्याचे अमेरिकेतले प्रतिनिधी ऑगस्ट बेलमाँट हे तर १८६० पासून बारा वर्षं डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष होते.

१८५४ मध्ये जन्मलेला रिपब्लिकन पक्ष कारखानदारांचा झाला तो आयातशुल्कामुळे. १८६१ च्या मॉरिल कायद्याने परदेशी मालावरची जकात वाढवली आणि पेनसिल्व्हेनियाच्या लोखंडवाल्यांना पक्ष आपला वाटू लागला. परदेशी माल आणून विकणाऱ्याला, परदेशात कापूस धाडणाऱ्याला हीच जकात गळफासासारखी. एकाच देशातले दोन लक्षाधीश, एकाच करावरून दोन पक्षांत.

अपवाद १८९६ चा. डेमोक्रॅटांनी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उमेदवारी दिली. चांदीची नाणी मुबलक पाडून चलन सैल करावं, म्हणजे शेतकऱ्यांच्या कर्जाचा भार हलका होईल, ही त्यांची मागणी. कर्ज दिलेल्यांना, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, यात आपला रुपया आठ आण्यांवर येताना दिसला. प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी रिपब्लिकन उमेदवार विल्यम मॅकिन्ली यांच्यासाठी सुमारे ३५ लाख डॉलर जमवले, त्यांत एकट्या स्टँडर्ड ऑइलचे अडीच लाख. 'सोनेवाले', म्हणजे चलन सोन्यावरच राहावं म्हणणारे, डेमोक्रॅट वेगळी चूल मांडून बसले. पण धोका टळल्यावर ही एकजूट सैल झाली. श्रीमंत सगळे मिळून एका बाजूला जायला समोर तेवढी मोठी भीती लागते, हे मला या निवडणुकीतून दिसतं.

ती भीती पुढे कायद्यातच आली. १८९४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ४,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर दोन टक्के प्राप्तिकर लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी तो घटनाबाह्य ठरवला. १९०९ मध्ये रिपब्लिकन नेत्यांनी प्राप्तिकराची घटनादुरुस्ती काँग्रेसमधून जाऊ दिली, ती पुरेशी राज्यं मंजूर करणार नाहीत या हिशेबाने. हिशेब चुकला. १९१३ मध्ये सोळावी दुरुस्ती लागू झाली. पहिला दर एक टक्का, आणि पाच लाख डॉलरच्या वर जेमतेम सात. महायुद्धात, १९१८ मध्ये, वरचा दर ७७ टक्क्यांवर गेला. विसाच्या दशकात अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी तो २५ वर आणला. स्वतः मेलन देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होते.

इथे दारूची गोष्ट सांगायलाच हवी. प्राप्तिकराच्या आधी केंद्र सरकारच्या उत्पन्नातला फार मोठा हिस्सा मद्यावरच्या करातून यायचा. १९२० मध्ये दारूबंदी आली आणि तो आटला. ड्यूपाँ कंपनीचे पिएर ड्यूपाँ यांनी दारूबंदीविरोधी चळवळीला पैसा आणि नेतृत्व दिलं, त्यामागचा एक हिशेब सरळ होता: दारू परत आली की तिचा कर परत येईल, आणि मग श्रीमंतांच्या उत्पन्नावर कर लावायची गरज उरणार नाही. त्यांचे सहकारी जॉन रॅस्कॉब १९२८ ते १९३२ या काळात डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष होते. १९३२ मध्ये पिएर ड्यूपाँ यांनी रूझवेल्ट यांना पाठिंबा दिला.

१९३३ मध्ये दारू आली. प्राप्तिकर मात्र गेला नाही, उलट वाढला. सोबत न्यू डील हा रूझवेल्ट यांचा सुधारणांचा कार्यक्रम आला: बँकांवर नियंत्रण, शेअर बाजारावर देखरेख, कामगार संघटनांना कायदेशीर हक्क. १९३४ मध्ये ड्यूपाँ बंधू, रॅस्कॉब आणि त्यांच्या वर्तुळातल्या मंडळींनी रूझवेल्टविरोधी 'अमेरिकन लिबर्टी लीग' काढली. डेमोक्रॅटिक पक्षाचे व्यवस्थापक जिम फार्ली यांनी टोमणा मारला, की हिला 'अमेरिकन सेलोफेन लीग' म्हणा: एक तर तो ड्यूपाँचा माल, आणि दुसरं म्हणजे आरपार दिसतो. १९३५ च्या कर कायद्याने सर्वांत वरचा दर ७९ टक्के केला, तोही ५० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर. तिथवर पोचणारा माणूस त्या काळी एकच असल्याचं सांगतात, स्टँडर्ड ऑइलच्या संस्थापकाचे चिरंजीव जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर. कर कमी, इशारा जास्त. निवडणुकीच्या तोंडावर, ३१ ऑक्टोबर १९३६ ला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सभेत रूझवेल्ट धनदांडग्यांबद्दल म्हणाले, की माझा द्वेष करण्यात त्यांचं एकमत आहे, आणि त्या द्वेषाचं मी स्वागत करतो. स्वतः हडसनकाठच्या जुन्या खानदानातला माणूस हे बोलत होता, म्हणून तर वर्गद्रोही ही शिवी त्यांना चिकटली.

त्या वर्षी पडलेली रेघ पुढची पन्नासएक वर्षं बऱ्यापैकी टिकली. फक्त कराच्या दराने ती समजत नाही. आयझेनहॉवर रिपब्लिकन होते, तरी त्यांच्या आठही वर्षांत वरचा दर ९१ टक्क्यांच्या खाली आला नाही. तो ७० वर आणणारा कायदा १९६४ चा, डेमोक्रॅटांचा. तरीही पैसेवाला सहसा रिपब्लिकनच राहिला, कारण पक्ष एव्हाना सवयीचा झाला होता. क्लब, चर्च, शेजार, सगळं त्याच रंगाचं.

दक्षिणेत ही रेघ उशिरा पोचली. यादवी युद्धाच्या आठवणींमुळे (रिपब्लिकन हा तिथे युद्ध जिंकलेल्या उत्तरेचा पक्ष) तिथला गोरा श्रीमंतही डेमोक्रॅटच असे. पन्नासच्या दशकात आधी वळले ते शहरांतले आणि नव्या उपनगरांतले सुखवस्तू गोरे. वंशभेदावर बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर बाकीचेही निघाले. यात कर किती आणि वंश किती, हे वेगळं काढता येत नाही. शाळांचा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि उपनगराची हद्द बहुधा वर्णाची हद्दही असते, तिथे 'माझा कर माझ्याच गावात खर्च व्हावा' या वाक्यात दोन्ही अर्थ असतात. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता कराला मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्याची मर्यादा घातली. दोन वर्षांनी त्याच राज्याचे माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन अध्यक्षपदी निवडून आले आणि त्यांच्या काळातल्या दोन कायद्यांनी वरचा दर ७० वरून ५० आणि मग २८ टक्क्यांवर आला.

समीकरण सर्वांत पक्कं दिसायला हवं ते या टप्प्यावर. पण ते उसवायला सुरुवातही इथूनच झाली.

रेगन यांच्यासोबत पक्षात धार्मिक मतदार मोठ्या संख्येने आला आणि गर्भपात, शाळेतली प्रार्थना हे मुद्दे व्यासपीठावर आले. दुसरीकडे श्रीमंतीचं उगमस्थान बदलत होतं. कारखाना, खाण, तेलविहीर यांच्या जागी सॉफ्टवेअर, वित्त, वैद्यक, वकिली. हा नवा श्रीमंत शिकलेला होता, विद्यापीठांच्या शहरांभोवती राहत होता, आणि त्याला कामगार संघटनांची धास्ती नव्हती, कारण त्याच्या कचेरीत त्या नव्हत्याच. बिल क्लिंटन यांनी १९९३ मध्ये वरचा दर ३९.६ टक्के केला, पण मुक्त व्यापार आणि वित्त क्षेत्राला मोकळीक देऊन १९३६ ची भीती बरीच घालवली.

२००४ मध्ये एक कोडं समोर होतं. मतदानोत्तर पाहणीनुसार दोन लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना मत दिलं, मात्र कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स अशी श्रीमंत राज्यं डेमोक्रॅटांकडे गेली. खोलात गेल्यावर कळलं, की मिसिसिपीसारख्या गरीब राज्यात श्रीमंत आणि गरीब यांच्या मतांत मोठी फारकत असते, कनेटिकटमध्ये ती फार थोडी. चारच वर्षांत त्याच उत्पन्नगटात बराक ओबामा ५२ विरुद्ध ४६ असे पुढे गेले. मंदी, इराक युद्ध, उमेदवार, कारणं पुष्कळ. २०१२ मध्ये वरचा गट मिट रॉमनी यांच्याकडे परतलाही.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ तोमा पिकेती यांनी २०१८ मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका यांचे १९४८ पासूनचे मतदानाचे आकडे लावून या बदलाला नाव दिलं. शिक्षणवाले डाव्यांकडे, पैसेवाले उजव्यांकडे: एकांना त्यांनी 'ब्राह्मण डावे' म्हटलं, दुसऱ्यांना 'व्यापारी उजवे'. मराठी वाचकाला हा शब्द तिथे पाहून गंमत वाटेल. विभागणी उपयोगी आहे, फक्त अमेरिकेत ती पुरी बसत नाही, कारण तिथे उच्चशिक्षित आणि पैसेवाला हा अनेकदा एकच माणूस असतो. तो मत देताना कुठला हात वापरेल, हे वर्षावर ठरतं.

२०१६ नंतर त्याने बरेचदा शिक्षणाचा वापरला. कॅलिफोर्नियाची ऑरेंज काउंटी (म्हणजे जिल्हा) हा रेगन यांचा बालेकिल्ला. तिथे याआधी डेमोक्रॅट उमेदवाराला आघाडी मिळाली होती ती १९३६ मध्ये, रूझवेल्ट यांना. मग थेट २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना. थोरले बुश जिथे वाढले त्या कनेटिकटमधल्या ग्रिनिचनेही त्या वर्षी क्लिंटन यांना कौल दिला. लँडन ज्या कॅन्ससचे गव्हर्नर होते, तिथली सर्वांत सधन जॉन्सन काउंटी २०२० मध्ये जो बायडन यांच्याकडे गेली, १९१६ नंतर पहिल्यांदा. त्या वर्षी बायडन यांनी जिंकलेल्या पाचशेच्या आसपास काउंट्यांत देशाच्या उत्पादनाचा सुमारे ७० टक्के वाटा होता. 'लिटररी डायजेस्ट'चा नमुना आज घेतला, तर तो कदाचित उलट्या बाजूला चुकेल.

श्रीमंत आणि अतिश्रीमंत यांत गल्लत होऊ नये. वकील-डॉक्टर दांपत्य एका बाजूला, अब्जाधीश दुसऱ्या. २०१० च्या न्यायालयीन निर्णयांनी निवडणुकीत उमेदवारापासून स्वतंत्रपणे खर्च करणाऱ्या गटांना देणग्या देण्यावरची मर्यादा उठवली आणि २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी डोनाल्ड ट्रम्प आणि रिपब्लिकनांसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले. सिलिकॉन व्हॅलीतले गुंतवणूकदार मार्क आंद्रीसन यांनी २०१६ मध्ये क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता. २०२४ मध्ये ते ट्रम्प यांच्याकडे गेले, आणि कारणांत त्यांनी क्रिप्टोवरचे निर्बंध आणि न विकलेल्या शेअरांच्या वाढीव किमतीवरचा प्रस्तावित कर ही दोन सांगितली. पिएर ड्यूपाँ यांना हे गणित लगेच समजलं असतं.

उपनगरांतल्या सधन मतदाराची ओढाताण मात्र एका वजावटीत दिसते. राज्याला आणि गावाला भरलेला कर केंद्राच्या प्राप्तिकरातून वजा करण्याची जुनी सवलत ट्रम्प यांच्या २०१७ च्या कायद्याने १०,००० डॉलरवर अडवली. झळ बसली ती न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया या जास्त कराच्या, डेमोक्रॅट राज्यांतल्या चांगल्या घरांना. २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहातल्या डेमोक्रॅटांनी ती मर्यादा ८०,००० करणारं विधेयक मंजूर केलं, ते सिनेटमध्ये अडलं. २०२५ मध्ये ती ४०,००० करून घेतली त्याच राज्यांतल्या मोजक्या रिपब्लिकन सदस्यांनी, स्वपक्षाच्या नेत्यांशी भांडून, कारण त्यांच्या जागा त्या घरांच्या मतांवर होत्या.