बागेतल्या मातीची ओळख आणि नैसर्गिक सुधारणा

बागेतली माती म्हणजे खडकाची झीज होऊन तयार झालेले कण, कुजलेला पालापाचोळा, पाणी, हवा आणि त्यात राहणारे जीव. चांगल्या मातीत आकारमानाने साधारण ४५ टक्के खनिज कण, ५ टक्के सेंद्रिय पदार्थ आणि उरलेल्या निम्म्या जागेत पाणी नि हवा असते, म्हणजे माती जवळपास अर्धी पोकळच असते आणि मुळं जगतात ती या पोकळीच्या जिवावर. कुठलंही खत आणायच्या आधी ही पोकळी आपल्या मातीत आहे का ते बघावं.

मातीचा पोत ठरतो कणांच्या आकारावरून. वाळूचे कण २ ते ०.०५ मिलिमीटर, गाळाचे ०.०५ ते ०.००२ आणि चिकणमातीचे त्याहूनही बारीक. ओळखायला हात पुरतो. मूठभर माती ओली करून मळायची आणि अंगठा नि बोटाच्या मधून दाबत पट्टी काढायची. पट्टी निघालीच नाही आणि हाताला खरखर लागली तर वाळू जास्त, अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयट्याची माती (वाळू, गाळ नि चिकण कणांचं मिश्रण), पाचच्या पुढे गेली तर चिकण. अजून नीट बघायचं तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं: वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळाला काही तास लागतात, चिकण कण दिवस दोन दिवस पाणी गढूळ ठेवतात, मग थरांची जाडी मोजली की प्रमाण कळतं.

निचरा बघायला ३० सेंटीमीटर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यायचा आणि परत भरायचा. दुसऱ्यांदा पाणी तासाला अडीच ते पाच सेंटीमीटर उतरलं तर उत्तम, त्याहून बरंच कमी उतरलं तर मुळं गुदमरणार.

आता सुधारणा. चिकणमातीत थोडी वाळू टाकली की ती मोकळी होते असं बरेच जण समजतात, पण तसं होत नाही, बारीक कण वाळूच्या मधल्या फटी भरून टाकतात आणि माती उलट घट्ट होते. पोत सहसा बदलत नाही, बदलते ती रचना, आणि ती बदलतात सेंद्रिय पदार्थ. जिवाणू आणि बुरशी ते कुजवताना जो चिकट पदार्थ सोडतात त्याने कण एकमेकांना धरतात, त्यांची बारीक ढेकळं होतात, म्हणून तेच कंपोस्ट चिकणमाती भुसभुशीत करतं आणि वाळूत पाणी धरून ठेवतं.

कंपोस्टमध्ये कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं, म्हणजे वाळलेली पानं भरपूर आणि ओला कचरा त्यामानाने कमी. नुसता लाकडाचा भुसा मातीत मिसळू नये, तो कुजताना आसपासचं नत्र ओढून घेतो नि झाडं पिवळी पडतात. वर आच्छादन म्हणून चालतो. आच्छादन ५ ते ८ सेंटीमीटर जाड हवं, फक्त खोडाला टेकवू नका, खोड सडतं. रिकाम्या वाफ्यात द्विदल (शेंगवर्गीय) पीक पेरून फुलोऱ्याला आलं की मातीत गाडायचं, हे हिरवळीचं खत. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात ते आयतं मिळतं.

खणायचं ते वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर असली तरी हाताला चिकटत नाही तेव्हा. ओल्या चिकणमातीत एकदा फावडं चालवलं किंवा पाय दिले तरी बरीचशी पोकळी दबून जाते आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळं उरतात, ती मोडायला पुढे खूप वेळ जातो.

सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) बहुतेक भाज्यांना ६ ते ७ लागतो. आम्ल मातीत चुना किंवा लाकडाची राख चालते, पण माती तपासून घेतल्याशिवाय राख टाकू नये, आधीच अल्कधर्मी माती असली तर लोह मुळांना मिळेनासं होतं आणि कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात.

कंपोस्ट एकदा घालून भागत नाही, मातीतले जीव ते खात राहतात, म्हणून दरवर्षी दोन-तीन सेंटीमीटरचा थर वरून पसरायचा, खोल खणून मिसळायचीही गरज नाही, गांडुळं ते स्वतःच खाली नेतात.