स्ट्रोक मदतगट

स्ट्रोक मदतगट म्हणजे स्ट्रोक येऊन गेलेली माणसं, त्यांच्या घरचे आणि सोबतीला येणारे स्वयंसेवक यांनी मिळून चालवलेला गट. आपल्याकडे कोणी त्याला सपोर्ट ग्रुप म्हणतं, कोणी स्वमदत गट. आजाराला तर बरीच नावं, पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, आणि घरात बोलताना नुसतंच "त्यांची उजवी बाजू गेली". डिस्चार्ज मिळतो, पहिले पंधरा दिवस नातेवाईक नारळपाणी घेऊन येतात, फिजिओ महिना दोन महिने घरी येतो आणि मग हळूहळू दारावरची बेल वाजायची थांबते. गटाचं खरं काम तिथून सुरू होतं.

या कामाची सगळ्यात गाजलेली गोष्ट इंग्लंडमधल्या ग्रेट मिसेंडेन या गावातली आहे. अमेरिकन अभिनेत्री पॅट्रिशिया नील यांना फेब्रुवारी १९६५ मध्ये लॉस एंजेलिसला मेंदूत रक्तस्राव झाला, वय ३९, ऑस्कर मिळून जेमतेम वर्ष झालेलं आणि त्यात गरोदर. जवळपास तीन आठवडे त्या कोमात होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा उजवी बाजू लुळी आणि शब्द सापडेनात. नवरा म्हणजे मुलांसाठी लिहिणारे रोआल्ड डाल. गावातल्या घरी परतल्यावर डाल यांचं म्हणणं पडलं की आठवड्यातून थोडा वेळ थेरपी मिळून काही होणार नाही, म्हणून त्यांनी चक्क शेजाऱ्यापाजाऱ्यांचं टाइमटेबल लावलं, एकेक जण तासभर येणार, असे दिवसाला सहा तास. वाचन, लिखाण, शब्दांचे खेळ, गप्पा. ऑगस्टमध्ये मुलगी झाली, सुखरूप. १९६८ मध्ये नील पुन्हा पडद्यावर आल्या आणि त्या कामासाठी त्यांना ऑस्करचं नामांकनही मिळालं. डाल यांचा हा कारभार काहींना फार कडक वाटायचा, आणि वाचताना मलाही तसंच वाटतं, दिवसाला सहा तास शाळा म्हणजे आजारी माणसाची दमछाकच की. पण एक मुद्दा त्यातून पक्का झाला, येणारी माणसं घरची नव्हती आणि डॉक्टरही नव्हती.

त्या शेजाऱ्यांमध्ये व्हॅलेरी ईटन ग्रिफिथ होत्या. त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिलं आणि पुढे १९७० च्या दशकात त्यातूनच ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांची रीतसर योजना उभी राहिली, वाचा गेलेल्या माणसाच्या घरी नियमित जायचं आणि शिवाय आठवड्याला सगळ्यांना एकत्र जमवायचं. ही योजना ज्या संस्थेने चालवली ती मुळात १९ व्या शतकाच्या शेवटी क्षयरोग रोखायला निघाली होती, क्षय कमी झाला तसं छाती, हृदय असं करत करत ती स्ट्रोककडे वळली आणि १९९२ पासून नावच स्ट्रोक असोसिएशन झालं. तरुण वयात स्ट्रोक आलेल्यांना मात्र आजीआजोबांच्या चहापार्टीत जाऊन बसायचं नव्हतं, नोकरी, ड्रायव्हिंग, लहान मुलं असे त्यांचे प्रश्नच वेगळे, म्हणून १९९६ मध्ये अशाच काही जणांनी डिफरंट स्ट्रोक्स हा वेगळा गट काढला.

मग साधी माणसं थेरपिस्टचं काम करू शकतात का, हा वाद आलाच. १९८२ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास छापून आला, स्ट्रोकने वाचा गेलेले १५५ रुग्ण, प्रत्येकाला ३० तास, काहींना स्पीच थेरपिस्टकडून आणि काहींना प्रशिक्षण नसलेल्या स्वयंसेवकांकडून. दोन्हीकडे सुधारणा झाली आणि फरक म्हणावा तसा दिसला नाही. थेरपिस्ट मंडळी भडकली, आणि त्यांचंही अगदी चूक नव्हतं, कित्येक महिन्यांत पसरलेले ३० तास म्हणजे थेरपीचा डोसच तुटपुंजा. म्हणून "थेरपिस्टची गरज नाही" असा अर्थ यातून कोणी काढू नये.

स्ट्रोकने वाचा जाते त्याला वाचाघात किंवा अफेजिया म्हणतात. वाचाघात झालेल्या माणसाची अक्कल शाबूत असते, शब्द हाताशी येत नाहीत एवढंच. चहा म्हणायचंय आणि तोंडातून येतं चावी, आणि चूक झाली हे त्याला स्वतःला कळतं, त्यामुळे तो आणखी चिडतो. स्वतःचं नाव सांगता येत नाही पण बे एके बे सुरू करून दिलं की पाढा घडाघडा म्हणतो, वारांची नावं, आरती, शिवी हेही बऱ्याचदा शाबूत असतं. घरचे काय करतात, प्रश्न त्याला विचारला की उत्तर बायको देते. बिचारीचा हेतू चांगलाच असतो. टोरोंटोच्या अफेजिया इन्स्टिट्यूटने, जी १९७९ मध्ये वाचाघात झालेल्या एका माणसाच्या बायकोनेच सुरू केली, स्वयंसेवकांना नेमकं हेच शिकवायची पद्धत बसवली. कागदावर ठळक अक्षरात हो, नाही, माहीत नाही लिहून ठेवायचं, चित्र काढायचं, एका वेळी एकच प्रश्न, आणि मग गप्प बसायचं. दहा सेकंद म्हणजे किती असतात ते तिथे कळतं! २००१ मध्ये छापून आलेल्या तिथल्या अभ्यासात ४० स्वयंसेवक होते, त्यातल्या २० जणांना हे शिकवलं, आणि गंमत म्हणजे शिकवलं स्वयंसेवकांना पण संवाद सुधारला समोरच्या रुग्णाचाही.

भारतात घरचेच सगळं करतात त्यामुळे त्यांनाच शिकवावं ही कल्पना सरळ वाटते. तशी एक मोठी चाचणी इथे झालीही, १४ हॉस्पिटलं, १२५० रुग्ण, निकाल २०१७ चा. घरच्या एका माणसाला व्यायाम शिकवून पाठवलं तरी सहा महिन्यांनी, ज्यांच्या घरी शिकवलं आणि ज्यांच्या घरी नाही, दोन्हीकडे मृत्यू किंवा परावलंबित्व सारखंच निघालं, ४७ टक्के. सूनबाईच्या डोक्यावर आणखी एक काम टाकून भागत नाही, असं मी तरी यातून घेतो.

आपल्याकडचे गट बहुतेक करून एखाद्या हॉस्पिटलच्या न्यूरो किंवा रिहॅब विभागाला धरून चालतात, महिन्यातून एकदा मीटिंग आणि २९ ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक स्ट्रोक दिनाला, कार्यक्रम. स्वतंत्र मित्रमंडळ कसं चालतं हे बघायचं असेल तर पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, आजार वेगळा पण रीत तीच. मीटिंगमध्ये भाषणापेक्षा चहाच्या वेळी जास्त कामाचं कळतं. एका हाताने शर्टाची बटणं कशी लावायची (लुळा हात आधी बाहीत, मग चांगला), ब्युरोची मावशी किती घेते, बहुतेक सवलतींना दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० टक्के लागतात आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन करायचा, एसटीची सवलत.

शिवाय अफवा निस्तरणं हे एक कामच होऊन बसलंय. बोटांना सुई टोचून रक्त काढा म्हणजे लकवा जातो हा मेसेज अजून फिरतो, कबुतराचं रक्त चोळणारेही आहेत. त्यात वेळ जातो, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर, म्हणून तोंड वाकडं, हात खाली, बोलणं अडखळलं की सरळ १०८. राजस्थानात नागौर जिल्ह्यात बुटाटी धाम आहे, लकव्याचे रुग्ण तिथे सात दिवस राहून सकाळ संध्याकाळ प्रदक्षिणा घालतात. लकवा त्याने बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही. पण रोज चालणं आणि आपल्यासारखेच शेकडो लोक आजूबाजूला, हे तिथे आपोआप मिळतं, आणि कित्येकांना शहरात ते मिळत नाही.

गट बंद पडतात ते बहुतेक येण्याजाण्यापायी. रिक्षात चढवायला एक माणूस लागतो, त्याची सुट्टी लागते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ठेवलेली मीटिंग मी बघितली आहे, सहा जण खालीच खुर्च्यांवर बसून होते आणि शेवटी वक्ताच खाली आला. कोविडनंतर बरेच गट व्हिडिओ कॉलवर गेले, वाचाघातवाल्यांना फोनपेक्षा ते बरं पडतं कारण चेहरा आणि हात दिसतात, फक्त म्यूट कोणीतरी काढून द्यावं लागतं.